इंडियानातला एक तास

लाइनमन काकांनी आयुष्यात एकही फुटबॉल सामना बसून पाहिला नाही. बाक असो, पायऱ्या असोत, घडीची खुर्ची असो, काका उभेच. आणि उभे म्हणजे एका जागी नव्हे. चेंडू डावीकडे गेला की काका मैदानाच्या कडेने डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. वय अडुसष्ट, छातीवर बायपासचा व्रण, डोक्याला भर जूनमध्ये लोकरीची कानटोपी, हात पाठीमागे बांधलेले, आणि नव्वद मिनिटं ही येरझार. परगावच्या लोकांना ते पंचांपैकीच कुणीतरी वाटायचे. एकदा ओहायोत एका बाईंनी त्यांच्याकडे ऑफसाइडची तक्रार केली. काकांनी ती गंभीरपणे ऐकून घेतली, "यू आर राइट, मॅडम" म्हणाले आणि खऱ्या लाइनमनला, म्हणजे कडेच्या पंचाला, जाऊन सुनावून आले. तिथून हे नाव पडलं. ते त्यांना आवडायचं, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

काका कोल्हापूरचे. हे त्यांना भेटल्यावर तिसऱ्या मिनिटाला कळायचं; दुसऱ्या मिनिटाला कळलं नाही तर समजावं की त्यांचा घसा बसलाय. डेट्रॉइटच्या गाड्यांचे गिअर करण्यात तीस वर्षं घालवून ते मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये निवृत्त झाले होते, पण पेठापेठांत रंगणाऱ्या कोल्हापुरी फुटबॉलच्या बाबतीत त्यांनी पेठ सोडलेली नव्हती. आमच्या महाराष्ट्र मंडळातली मंडळी क्रिकेटसाठी डिश अँटेना बसवून पहाटे उठायची. काका म्हणायचे, "पाच दिवस खेळून निकाल नाही. त्याला खेळ म्हणायचं की ऑफिस?" पेठेच्या सामन्यात कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, कुठल्या गल्लीतून मिरवणूक वळली, हे ते गणपतीच्या जेवणात अशा तपशिलात सांगायचे की शेजारच्या माणसाचा वरणभात गार व्हायचा.

अमेरिकेत पेठ नव्हती, म्हणून काकांनी एक क्लब शोधून काढला. या देशात सॉकरला, म्हणजे आपल्या फुटबॉलला, फारसं कुणी विचारत नाही. ज्याला थोडंफार विचारतात त्या सॉकरच्या तीन पायऱ्या खाली आमचा क्लब होता. खेळाडू म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतले कॉलेजकुमार, पगार शून्य, मैदान एका हायस्कूलचं. घरच्या सामन्याला दोनशे माणसं यायची, त्यात दीडशे खेळाडूंचे आईवडील. परगावी जाणारे पाठीराखे चारपाच. त्यांतला एक टॉम, निवृत्त पोस्टमन. त्याच्याकडे ढोल होता आणि ताल नव्हता. दुसरे काका. घरच्या सामन्यांत त्यांना रस नव्हता. "घरात काय, कुणीबी जिंकतो," ते म्हणायचे. "बाहेर जाऊन जिंकावं लागतं."

यात मी आले ती काकूंमुळे. मी ट्रॉयला नवी होते तेव्हा काकूंनी मला सामाजिक सुरक्षा क्रमांकापासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळवून दिलं होतं. बायपासनंतर डॉक्टरांनी काकांचं लांबचं ड्रायव्हिंग बंद केलं, आणि काकूंचा फोन आला. "नीला, एकदाच यांना घेऊन जा गं. तुझं सगळं व्यवस्थित असतं." मी एका गाडीच्या सुट्या भागांच्या कंपनीत खरेदी विभाग सांभाळत होते; व्यवस्थित असणं हे माझं पोट भरायचं साधन. मी एक यादी केली: निघायची वेळ, पेट्रोल कुठे, बाथरूम कुठे, काकांच्या गोळ्या, पाणी, परतीची वेळ. ते "एकदाच" सहा उन्हाळे चाललं. फुटबॉलमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं आणि आजही फार कळतं असं नाही.

निघायची वेळ हे आमचं कायमचं भांडण. संध्याकाळी सातचा सामना, साडेतीन तासांचा रस्ता, आणि काका सकाळी नऊला कानटोपी घालून माझ्या ड्राइव्हवेत उभे.

"काय मॅनेजर, कागद काय म्हणतो?"

"कागद दोन वाजता म्हणतो, काका."

"मॅचला वेळेवर जायचं नसतं. मैदानाला आपली सवय व्हावी लागते."

तडजोड बाराला व्हायची, आणि मग चार वाजता आम्ही एका कुलूपबंद मैदानाबाहेर रिकाम्या पार्किंगमध्ये गोळ्या आणि थर्मास घेऊन बसलेलो असायचो. फाटक उघडलं की काका पावलं टाकत मैदान मोजायचे. जगातलं प्रत्येक मैदान, कोल्हापूरचं सोडून, त्यांच्या मते आखूड होतं. "चार पावलं कमी आहे," ते तिथल्या माळ्याला सांगायचे. माळी म्हणायचा, "सर, हे फुटबॉलचं मैदान आहे," म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं. काका त्याच्याकडे दयेने बघायचे.

येरझार घालताना ते खेळाडूंशी मराठीत बोलायचे. त्याचा एक परिणाम झाला, तो मान्य करायला हवा. मिशिगनच्या शेतकऱ्यांची सहा फुटी गोरी मुलं "मागं बघ!" म्हणजे काय ते शिकली. विरोधी खेळाडू पाठीवर आला की आमचा गोलकीपर बचावफळीला चक्क "मागं बघ!" ओरडायचा, आणि समोरच्या संघाला काही कळायचं नाही. मग आमची मुलं मागं बघायची, आणि मग हरायची.

कारण बाहेर आम्ही हरतच होतो. सहा उन्हाळ्यांत परगावी चार बरोबऱ्या, बाकी सगळे पराभव. टोलीडोला हरलो, क्लीव्हलंडला हरलो, बफेलोजवळ पावसात हरलो. त्या बफेलोच्या सामन्याला काकूंना प्रथमच बरोबर नेलं होतं, नायगारा दाखवायच्या नावाखाली. काकांनी धबधबा वीस मिनिटांत उरकला. "पाणीच आहे. चला, वॉर्म-अप सुरू होईल." काकू परतीच्या वाटेवर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि काका हा अबोला पराभवाच्या दुःखाचा समजले. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाचं हे निरीक्षण. त्यांच्यावर प्रेम करायला काकूंना काय लागत असेल, हा विचार मी महामार्गावर अनेकदा केला आहे.

मग काकांच्या मुलाने टेक्सासात घर घेतलं आणि आईवडिलांना तिकडे बोलावलं. ट्रॉयचं घर विकलं. २००६च्या जुलैमधल्या एका सोमवारी सामानाचा ट्रक येणार होता, आणि त्याआधीच्या शनिवारी मोसमातला शेवटचा बाहेरचा सामना होता, इंडियानातल्या एका गावी. काका मला म्हणाले, "मॅनेजर, एकदा बाहेर जिंकलेलं बघायचं राहिलंय. टेक्सासात आपल्या क्लबातलं कोण नसणार." ते हे हवामानाबद्दल बोलावं तसं बोलले. पण त्यांनी माझ्याकडून काही मागितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

इंडियाना राज्याचा एक विक्षिप्तपणा होता. उन्हाळ्यात जवळजवळ सगळी अमेरिका घड्याळं तासभर पुढे करायची. इंडियानाचा बहुतेक भाग करायचा नाही. आमच्याकडे आठ वाजले की तिथे सात. पाच वर्षं मी हे यादीत लाल शाईने लिहीत आले होते, आणि पाच वर्षं काकांना पटवत आले होते की इंडियानाला आपल्याला एक तास फुकट मिळतो.

त्या शनिवारी काका ड्राइव्हवेत आले नाहीत. मीच त्यांच्याकडे गेले. हॉलमध्ये खोक्यांच्या रांगा आणि मध्ये काकू, हातात चिकटपट्टी.

"आज निदान स्वयंपाकघर भरून देतो म्हणालेत," काकू म्हणाल्या. "बघू."

काका खरंच वर्तमानपत्रात ताटल्या गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, "मी दहाला निघायचं म्हणत होतो. पण हिला शब्द दिलाय. आज तुझ्या कागदाप्रमाणे. मी तोंड उघडणार नाही."

कागद साडेतीन म्हणत होता. निघताना सोफा विकत घेणारा माणूस आला, त्याच्या व्हॅनमध्ये सोफा मावेना, त्यात पाऊण तास गेला. तरी मी निश्चिंत होते. एक तास फुकट होता ना. काका गाडीत शब्दाला जागले. फक्त दर दहा मैलांनी घड्याळ बघून घसा साफ करायचे.

पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात आठला पाच कमी होते, म्हणजे इंडियानात सातला पाच कमी. मैदानावर दोन्ही संघ गवतावर बसून पाणी पीत होते आणि लहान मुलं चेंडूमागे पळत होती. काकांचा चेहरा खुलला. "सुरू नाही झालं! मॅनेजर, मानलं तुला." तिकिटाच्या टेबलावरचा माणूस पेटी आवरत होता. त्याने हातानेच आम्हाला तसंच आत जायला सांगितलं. काकांनी पलीकडच्या फळ्याकडे बोट केलं. त्यावर पाहुणे दोन, यजमान शून्य असं लिहिलेलं होतं. "मागच्या मॅचचा फळा अजून पुसला नाही. ही इथली शिस्त."

तेवढ्यात टॉम ढोल सावरत धावत आला. "कुठे होतात तुम्ही? दोन-शून्य! हाफ-टाइम झाला!"

"कसला हाफ-टाइम?" मी म्हटलं. "सात वाजताचा सामना ना?"

"आठ वाजलेत, नीला. इंडियानानेही या वर्षीपासून घड्याळं पुढे केली, आपल्यासारखी. एप्रिलमध्ये सगळ्या पेपरांत होतं."

पेपरांत होतं. मी वाचलंही होतं. वाचून, बरं झालं एकदाचं, असंही म्हटलं होतं. आणि जुलैत मागच्या वर्षीची यादी उघडून फक्त तारीख बदलली होती.

काका माझ्यावर ओरडतील अशी मी वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फळ्याकडे बघत होते. मग फाटकातून दोन पावलं मागे सरकले.

"मी आत येत नाही."

"काका, अर्धा सामना बाकी आहे!"

"सहा वर्षं मी आत होतो. सहा वर्षांत दोन-शून्य कधी बघितलंस?"

"तुम्ही इंजिनिअर आहात. मी नव्या गाडीपुढे नारळ फोडला तेव्हा मला काय काय बोलला होतात?"

"इंजिनिअर आहे म्हणूनच," काका म्हणाले. "चालत्या मशीनला हात लावायचा नाही."

टॉमला मी याचं भाषांतर करून सांगितलं. त्याने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. त्यालाही ते पटलं होतं, हे बघून माझा अमेरिकेवरचा विश्वास थोडा कमी झाला.

मैदानाच्या एका कडेला हॉटडॉग विकायची लांबलचक पत्र्याची शेड होती. काका तिच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिथून फक्त पत्रा दिसायचा. मी शेडच्या कोपऱ्यावर, एक डोळा मैदानावर आणि तोंड काकांकडे. माझं समालोचन कसं होतं, हे मला त्या पाऊण तासात वारंवार सांगण्यात आलं.

"आता काय?"

"चेंडू त्यांच्याकडे आहे."

"कुठे? मैदान केवढं आहे! कुठे त्यांच्याकडे?"

"इकडच्या बाजूला. एकजण पडला."

"आपला का त्यांचा?"

"आपला. नाही, त्यांचा. उठला."

"अगं, तू खरेदी खात्यात आहेस की नाही? माल आला का नाही आला, एवढं तरी सांगता येत असेल!"

आणि मग मी पाहिलं, की काका चालत आहेत. मैदानाकडून आवाज डावीकडून आला की पत्र्यामागे डावीकडे, उजवीकडून आला की उजवीकडे. हात पाठीमागे, कानटोपी खाली ओढलेली, कचऱ्याच्या पिंपापासून गॅसच्या टाकीपर्यंत आणि परत. हॉटडॉगवाली मुलगी मागच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. तिने मला हळूच विचारलं, पोलिसांना फोन करू का. मी म्हटलं, नको, ते सामना बघतायत.

वीस मिनिटं उरली असताना यजमानांनी एक गोल केला. पत्र्यामागून आवाज आला, "काय केलंस?"

"मी काय करणार?"

"तू बघत होतीस ना? नको बघू!"

असं म्हणून त्यांनी मलाही शेडमागे ओढलं. शेवटची वीस मिनिटं, एक निवृत्त इंजिनिअर आणि एक खरेदी व्यवस्थापक, दोघंही पदवीधर, इंडियाना राज्यात एका पत्र्याकडे तोंड करून उभे होतो. आतून गोलकीपर ओरडल्याचा आवाज आला, "मागं बघ! मागं बघ!" काका थांबले. डोळे मिटून घेतले. मग शिट्टी, मग टॉमचा बेताल ढोल. त्या ढोलाचा इतका चांगला आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

"नक्की?" काकांनी विचारलं.

मी कोपऱ्यावरून डोकावले. "नक्की. दोन-एक."

गोलकीपर पार्किंगमध्ये काकांना भेटायला आला. घामाने निथळत होता. "सर, पहिला गोल कसा वाटला?" त्याने विचारलं. काकांनी त्याचे दोन्ही हात धरले. "ब्युटिफुल," ते म्हणाले. "लाइफमध्ये असा बघितला नव्हता."

परत येताना तासभर मी नुसती गाडी चालवत होते. मग काका म्हणाले, "कसा होता गं पहिला गोल?"

"मी तुमच्याबरोबरच होते, काका."

"हां. तेही खरंच."

घड्याळाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. सहा वर्षं मैदानाच्या लांबीपासून माझ्या लेन बदलण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर शेरे मारणारा माणूस एवढ्या मोठ्या चुकीवर गप्प बसला, याचा राग मला अजून येतो. सोमवारी ट्रक आला. काकूंनी मला मिठी मारली, कढीपत्त्याचं झाड दिलं. काकांनी ट्रकच्या मागच्या दाराची कडी तपासली, ड्रायव्हरला गिअरबद्दल दोन सूचना केल्या आणि विमानतळाच्या गाडीत पुढे जाऊन बसले. काच खाली करून म्हणाले, "आता मी नाही. आता जिंका बिनधास्त."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही बाहेरचे सगळे सामने हरलो. काका बाराशे मैलांवर होते आणि आम्ही हरत होतो. टोलीडोला हरलो, क्लीव्हलंडला चार गोलांनी हरलो. मी जात राहिले. कुणाला न्यायचं नव्हतं तरी. पहिल्याच पराभवाच्या शनिवारी घरी पोचते तोच काकांचा फोन. शनिवार-रविवार मोबाइलची मिनिटं फुकट असतात, हे त्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

"काय मॅनेजर? मी नसल्याचा फायदा झाला की नाही?"

आणि मला तो पत्रा आठवला. हरलो म्हणून सांगितलं असतं, तर आपल्या पत्र्यामागे उभं राहण्याचा त्या जिंकण्याशी काही संबंध नव्हता, हे काकांना दोन सेकंदांत कळलं असतं. ते सरळ आत जाऊन पाऊण तास सगळं बघू शकले असते. माझ्या चुकीनंतर तेवढाच पाऊण तास त्यांना बघायला उरला होता.

"जिंकलो, काका," मी म्हटलं.

त्या उन्हाळ्यात मी काकांना फोनवर पाच सामने जिंकून दिले. खोटं बोलायचं तर तेही व्यवस्थित, म्हणून गोल किती, कुठल्या मिनिटाला, हे मी आधीच कागदावर मांडून ठेवायची. काका कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, हे मला काकूंकडून माहीत होतं. निदान ट्रॉयमध्ये तरी लावत नसत.

जुलैअखेरच्या फोनवर त्यांनी विचारलं, "आज कोणी मारला?"

"नऊ नंबरने. शेवटच्या दहा मिनिटांत."

 मग काका म्हणाले, "नऊ नंबरचा पोरगा मे महिन्यातच गुडघा मोडून घरी बसलाय. क्लबच्या वेबसाइटवर आहे. मी रोज बघतो."

रोज बघत होते, म्हणजे निकालही बघत होते. पाचच्या पाच.  फोन ठेवावा का माफी मागावी, हे मी ठरवत होते.

"अगं, झोपलीस काय?" काका म्हणाले. "पुढं सांग की. कुठल्या पायानं मारला?"

"डाव्या," मी म्हटलं.

"हां," काका म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची मागे सारल्याचा आवाज मला ऐकू आला. "आता सुरुवातीपासून सांग. चेंडू आला कुठून?"